दादा फ्रेशर आहे!

रात्री पावणेअकराला वहिनीचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. पुण्यात पावणेअकरा म्हणजे जेवणाची वेळ, पण दारव्ह्यात म्हणजे मध्यरात्र! आईची शुगर, बाबांचा गुडघा, छोटीचा ताप... सगळी यादी सेकंदात डोळ्यांसमोरून जाते. त्या रात्री फोन उचलला तर वहिनी अगदी हळू आवाजात विचारत होती, ‘‘ताई, जावास्क्रिप्ट म्हणजे जावा नाही ना?’’

‘‘नाही. नाव सारखं आहे फक्त. का गं?’’

‘‘मामंजींचा मुलगा म्हणे, जावावाल्यांना नोकरी लागते. आणि हे तर जावास्क्रिप्ट करून राहिले. चुकीचं तर नाही ना शिकून राहिले?’’

मला हसू फुटलं. पण ती हसत नव्हती. घरातला कमावता माणूस नोकरी सोडून बसलाय आणि तो नेमकं काय शिकतोय, त्यातलं कशानं पोट भरतं आणि कशानं नाही, हे ज्या बाईला रात्री अकराला नणंदेला विचारावं लागतं, तिला हसण्यासारखं काय असणार?

तर, दादा. तेव्हा वय वर्षं ३३, एम.एस्सी. मॅथ्स. नऊ वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता. तुमच्यापैकी मुंबई-पुण्यात वाढलेल्यांना हा प्रकार माहीत नसेल, तर सांगते. जितके तास घ्याल तितके पैसे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षांचा महिना, सगळीकडे भोपळा! घेतलेल्या तासांचं बिल पास होऊन हातात यायला चार-पाच महिनेही लागतात. गावात मात्र तुम्ही ‘प्राध्यापकसाहेब’. किराणावाला उधारी देताना खुर्ची देतो. कायम व्हायची आशा दर वर्षी जूनमध्ये उगवते आणि सप्टेंबरपर्यंत जळून जाते, बिनपाण्याच्या कपाशीसारखी.

यवतमाळ जिल्हा म्हटलं की माझ्या क्षेत्रातल्या लोकांचे डोळे एका विशिष्ट पद्धतीनं बारीक होतात. ‘‘अच्छा, यवतमाळ...’’ आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको-मुलांसह आयुष्य संपवलं, तेव्हापासून आमच्या जिल्ह्याची हीच ओळख. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन शेवटी एका शेतकऱ्याच्या विधवा पत्नीच्या, वैशाली येडे यांच्या हस्ते झालं, तेव्हाही सगळ्यांना तीच गोष्ट हवी होती. मला ती नाकारायची नाही. पण त्याच जिल्ह्यात माणसं मरत नसतात तेव्हा रोज काहीतरी करतही असतात. फी भरतात, हप्ते भरतात, नोकऱ्या शोधतात. त्याला कुणी फोटोग्राफर पाठवत नाही. (यात मीही आले. मीही पाठवला नाही.)

दादाचं कॉम्प्युटरचं वेड जुनं. २००१ मध्ये एमकेसीएलनं एमएस-सीआयटी सुरू केलं आणि काही वर्षांत गल्लीगल्लीत त्याचे क्लास निघाले. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून सगळी पोरं जायची. दादाही गेला. बाकीचे एक्सेलमध्ये मार्कलिस्ट करून घरी यायचे, हा फॉर्म्युल्यात फॉर्म्युला घालून कॉम्प्युटर हँग करून यायचा. २०१८ मध्ये त्यानं सी-डॅकची प्रवेश परीक्षा दिली. सहा महिन्यांचा कोर्स, पुढे प्लेसमेंट, आयुष्य सेट. पास झाला.

त्याच उन्हाळ्यात मला पुण्यात मास कॉमला अॅडमिशन मिळाली.

आणि त्याच्या आधीचा हंगाम होता २०१७ चा. गुलाबी बोंडअळीचा. जिल्ह्यातला कापूस अळीनं पोखरला, फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते वर्ष. बाबा जिनिंगमध्ये काट्यावर होते, दिवाणजी. त्यांचं काम हंगामी. कापूस नाही तर जिन नाही, जिन नाही तर पगार नाही. घरात एका फीचे पैसे होते. दोन फियांचे नव्हते.

‘‘तू जाय,’’ दादा म्हणाला. ‘‘माझं काय, मी शिकवूनच राहिलो ना इथं.’’

लोक अशा गोष्टी ‘मला नंतर कळलं’ म्हणून सांगतात. मला तेव्हाच माहीत होतं. त्याचा रिझल्ट मीच सायबर कॅफेत प्रिंट करून आणला होता. मी काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कदाचित त्याचं उत्तर बदललं असतं. मी बॅग भरली आणि आले.

पुढची काही वर्षं मी काय लिहिलं असेल? ओळखा! ‘पॅशन फॉलो करणारे पाच जण.’ ‘कॉर्पोरेट सोडून कॅफे.’ ‘तिशीत नवी इनिंग.’ अशाच गुळगुळीत पानांवर, अशाच फोटोंसोबत. बँकेतला जॉब सोडून कुंभारकाम करणारी ती, आयटीतून शेतीत गेलेला तो. खूप छान माणसं होती सगळी. फक्त एक प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. मधल्या महिन्यांचं दुधाचं बिल कुणी भरलं?

म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये दादानं फोनवर सांगितलं, की जूनपासून कॉलेजला जाणार नाही, प्रोग्रॅमिंग करणार, तेव्हा ‘फॉलो युअर ड्रीम्स’वाली मी काय म्हणाले? म्हणाले, ‘‘वेडा झालास का तू?’’

माझी बाजूही ऐका. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं होतं. त्यानंतर दर आठवड्याला कुणीतरी छातीठोकपणे सांगायचं, की आता प्रोग्रॅमरची गरजच उरणार नाही. कोथरूड-बाणेरमधले माझे आयटीतले मित्र लंचमध्ये कुणाच्या टीमचे किती गेले तेच बोलत होते. (पुढच्याच वर्षी टीसीएसनं १२ हजारांच्या वर माणसं कमी करायचं जाहीर केलं.) लोक दारातून बाहेर पडत असताना हा आत शिरणार, तोही ३३ व्या वर्षी, दारव्ह्यातून, बायको-मुलगी-आईवडील पाठीवर घेऊन!

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘‘दीड वर्ष झालं रोज रात्री करून राहिलो. तुले सांगतलं नाही, कारण तू असंच म्हणशील हे मले माहीत होतं.’’

दीड वर्ष! रात्री दहा ते दोन, देवघराच्या भिंतीला टेकून, कारण घरातला एकमेव धड प्लग तिथं. सेकंडहँड लॅपटॉप, त्याचा हप्ता. हार्वर्डचं सीएस५० फुकटात बघता येतं, एनपीटीईएलवर आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, फ्रीकोडकॅम्पवर एकही पैसा न भरता सराव करता येतो. ते फ्रीकोडकॅम्प २०१४ मध्ये काढणारा क्विन्सी लार्सन हा माणूसही आधी शिक्षण क्षेत्रातला, वयाच्या तिशीत प्रोग्रॅमिंग शिकलेला. दादाला हे कळलं तेव्हा त्याला जरा बरं वाटलं म्हणे. इंग्रजी उच्चार कळायचे नाहीत म्हणून व्हिडिओ पाऊण स्पीडवर लावायचा. लाइट गेली की वहीवर पेननं कोड लिहायचा आणि लाइट आली की टाइप करून बघायचा. फंक्शन स्वतःलाच हाक मारतं, तो रिकर्शनचा भाग, जिथं इंजिनिअरिंगची पोरं गटांगळ्या खातात, तो त्याला पहिल्या झटक्यात कळला. ‘‘हे तर गणिती विगमन आहे ना वं, अकरावीचं!’’ आणि जे पोरांना सहज येतं, म्हणजे फोल्डर कुठं आहे, टर्मिनल कसं उघडायचं, गिटवर कोड कसा चढवायचा, त्यात त्याचा आठवडा जायचा.

आठ वर्षांची छोटी बाजूला झोपायचं नाटक करत पडलेली असायची. एकदा तिनं डोळे न उघडता सांगितलं, ‘‘बाबा, कंस राहिला.’’ राहिला होता!

हो म्हणायचं की नाही, हे शेवटी ना मी ठरवलं ना आई-बाबांनी. ठरवलं वहिनीनं. ती बी.कॉम. आहे, लग्नानंतर ब्लाऊज शिवते, आणि घराचा हिशेब तिच्याकडे आहे, हे आम्ही सगळे सोयीनं विसरतो. तिनं वही काढली. महिन्याचा खर्च २१ हजार. शिलाईचे सहा-सात. बाबांच्या हातात आता काही नाही. पाटल्या ठेवून गोल्ड लोन. उरलेल्या नऊ हजारांपुढे तिनं माझं नाव लिहिलं आणि मला फोन लावला. विनंती वगैरे नाही. ‘‘ताई, दर महिन्याच्या पाच तारखेला. जमते का नाही ते आत्ताच सांगा. आणि २०२५ च्या दिवाळीपर्यंतच. तोपर्यंत नाही झालं तर हे भावजींच्या दुकानात बसतील. मी त्यांना सांगतलं.’’

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

फ्रीलान्सरच्या आयुष्यात ‘पाच तारीख’ नावाची गोष्ट नसते, हे तुम्हाला माहीत असेल, नसेल तर तुमच्या फ्रीलान्सर मित्राला जेवायला घाला. तेव्हा मी एका लांबलचक रिपोर्ताजच्या तयारीत होते. कापसाचं एक बोंड वेचणीपासून गाठीपर्यंत, पूर्ण हंगाम जिल्ह्यात फिरून. ते बाजूला ठेवलं आणि बिल्डरांची ब्रोशर्स घेतली. ‘जिथे प्रत्येक सकाळ हिरवी असते.’ ‘आपुलकीचा पत्ता.’ पर वर्ड रेट, पण वेळेवर. स्वतः कॉट बेसिसवर राहून मी थ्री बीएचकेच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या टेकड्यांवर चौदा महिने लिहिलं. राग यायचा का? यायचा. विशेषतः चार तारखेला. आणि मग सायबर कॅफेतला तो प्रिंटआऊट आठवायचा आणि मी आणखी एका टेकडीवर सूर्य उगवायला बसायचे.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत तुम्ही ऐकले असतील. इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होते, ग्राफिक्स शिकले, प्रोग्रॅमिंग शिकले, स्वतःचं डिझाइन सॉफ्टवेअर काढलं, लॉकडाऊनमध्ये टीम घेऊन गावाकडे गेले आणि गोठ्यात ऑफिस थाटलं. पुढे ‘शार्क टँक इंडिया’वरही झळकले. बाबांनी त्यांच्याबद्दलचं एक कात्रण कापून देवघरात लावलं होतं. मी सुट्टीत ते वाचलं. ‘ऑफिस बॉय’ पहिल्या ओळीत, ‘कंपनी’ तिसऱ्या ओळीत. मीही असंच लिहिलं असतं. पण आमच्या घरात आम्ही सगळे त्या दुसऱ्या ओळीत राहत होतो, आणि ती संपता संपत नव्हती.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. त्यांचा या प्रकरणाला विरोध होता. ओरडून नाही, गप्प राहून. ‘‘लॅपटॉप पाहून पोट भरते का?’’ एवढंच एकदा म्हणाले. २०२४ च्या डिसेंबरात दादाच्या एका वर्गमित्रानं, त्याच्या घरची छोटी जिन आहे, काट्याच्या पावत्यांसाठी प्रोग्रॅम करून मागितला. शेतकऱ्याचं नाव, वजन, ओलावा, भाव, रक्कम. कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर सीसीआय पूर्ण हमीभाव देते, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्याला एक टक्का भाव कमी. दादानं टेस्टिंगसाठी त्या हंगामातला लांब धाग्याचा हमीभाव घेतला, ७,५२१ रुपये क्विंटल, आणि साठ खोट्या पावत्या केल्या. प्रिंट काढून बाबांना दिल्या. ‘‘पाहा जरा, फॉरमॅट ठीक आहे का.’’

बाबांनी फॉरमॅट पाहिलाच नाही. चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि बेरीज मारली. साठ पावत्यांची, तोंडी! तासाभरानं म्हणाले, ‘‘तीन पैसे कमी आहेत.’’

‘‘कॉम्प्युटर चुकत नाही बाबा.’’

‘‘मग मी चुकलो का? चाळीस वर्षं काट्यावर बसलो.’’

दादानं रात्रभर शोधलं. साधं उदाहरण घ्या. १० टक्के ओलावा, म्हणजे भाव ७,३७०.५८. वजन १२.३५ क्विंटल. रक्कम येते ९१,०२६.६६३. पावतीवर छापलं जातं ९१,०२६.६६. पण तो शेवटचा ३ कॉम्प्युटरच्या पोटात तसाच राहतो, आणि दिवसाची बेरीज तो पोटातल्या आकड्यांची करतो, छापलेल्या नाही. साठ पावत्यांत अशा कणी-कणी जमून तीन पैशांचा फरक. वर आणखी एक गंमत त्याला त्याच रात्री समजली. दशांश अपूर्णांक कॉम्प्युटरला धड साठवताच येत नाहीत. जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ विचारा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४! गणिताचा मास्तर हादरलाच. सकाळपर्यंत त्यानं सगळा प्रोग्रॅम बदलला. रुपये नाहीतच, फक्त पैसे, पूर्णांकात. प्रत्येक पावती आधी पैशांत पूर्ण करायची, मगच बेरीज.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा साठ पावत्या मोजल्या. जुळल्या. ‘‘हां,’’ म्हणाले आणि चहा मागितला. त्यानंतर रात्री अकराच्या पुढे देवघरातल्या लाइटबद्दल ते कधी बोलले नाहीत.

नोकरी मात्र मिळेना. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘पासिंग इयर’चं ड्रॉपडाऊन उघडायचं, त्यात २०२३, २०२४, २०२५. दादाचं २०१४. यादीतच नाही! वय खोटं सांगता येत नाही आणि अनुभव खरा सांगून चालत नाही. नागपुरात एका ठिकाणी वॉचमननं त्याला आदरानं आत नेऊन इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या खोलीत बसवलं. दुसऱ्या एका ठिकाणी पॅनेलवर त्याचाच जुना विद्यार्थी निघाला. पोरगं उभंच राहिलं. ‘‘सर, तुम्ही?’’ दादा म्हणाला, ‘‘विचार बे बिनधास्त, हजेरी नाही घेऊन राहिलो.’’ तिथं झालं नाही. त्या विद्यार्थ्याचा नंतर मला कळलेला मेसेज मोठा होता, पण दादानं तो पूर्ण वाचला नाही. त्या आठवड्यात तो दोन दिवस कुणाशी बोललाही नाही. वहिनीनं शिलाई मशीन त्याच्या खोलीत हलवलं आणि तिथंच बसून शिवत राहिली.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं घेतलं. पतसंस्था आणि दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअर करतात. इंटरव्ह्यूत त्यांनी ०.१ आणि ०.२ चा प्रश्न विचारला आणि त्यानं पावत्यांची हकिगत सांगितली. पण नोकरी त्यामुळे लागली असं मी म्हणणार नाही. पगार कमी होता, तरुण पोरं सहा महिने शिकून पुण्या-हैदराबादला पळतात, आणि त्यांना न पळणारा संसारी माणूस हवा होता. प्रोबेशनमध्ये महिना १८ हजार. तासिका तत्त्वावर चांगल्या महिन्यात साधारण तेवढेच मिळायचे. फरक इतकाच, की हे दर महिन्याला येतात!

आता तो नागपुरात बावीस-तेवीस वर्षांच्या तीन पोरांबरोबर रूम शेअर करतो. ती त्याला ‘सर’ म्हणतात आणि कोड अडला की उठवतात. त्याची टीम लीड सव्वीस वर्षांची आहे. आयडी कार्डवर ‘ट्रेनी’. शनिवारी रात्री लाल डब्यानं यवतमाळ, तिथून दारव्हा. सोमवारी पहाटे परत. दोन्ही घरांचं भाडं-खर्च धरलं तर वहीत अजून खड्डा आहे, म्हणून माझ्या टेकड्याही सुरूच आहेत, पण आता नऊ नाही, चार हजारांच्या. प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं, ते आणखी तीन महिन्यांनी वाढवलं. कामावर खूश आहेत म्हणे, मार्केट खराब आहे म्हणे. कंपनीत आता कोडचा पहिला खर्डा एआयकडून काढून घेतात आणि दादा तो तपासतो. पेपर तपासल्यासारखा, लाल शेरे मारत. हे काम दोन वर्षांनी असेल का? त्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘‘सीएचबीवर मले पुढच्या जूनचंही माहीत नसायचं.’’

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा वहिनीनं वही पुढे केली. एक पान माझ्या नावाचं. ‘ताईकडून’ म्हणून तारखा आणि रकमा, एकही पाच तारीख चुकलेली नाही. (दोन वेळा मैत्रिणीकडून उसने घेतले होते, ते तिला माहीत नाही.) शेजारी ‘परत’ असा रकाना, रिकामा. ‘‘कन्फर्म झाले की दर महिन्याला दोन-दोन हजार,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, काही गरज नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाली, ‘‘गरजेचं कोण विचारून राहिलं?’’ २०१८ चं पान त्या वहीत नाही. तेव्हा ती या घरात आली होती, पण वही तिच्याकडे नव्हती.

सोमवारी पहाटे दादाला सोडायला स्टँडवर गेले. थंडी होती, चहाची टपरी नुकतीच पेटत होती. त्याच्या पाठीवर लॅपटॉप, हातात आईनं दिलेला ठेचा आणि भाकरीचा डबा.

‘‘तुझं ते कापसाचं मोठं काम होतं ना,’’ तो म्हणाला, ‘‘त्याचं काय झालं?’’

‘‘आहे. बघू.’’

‘‘दिवाळीनंतर जिन सुरू होतेच. मी बोलून ठेवतो त्याच्याशी. काट्यावर बस दोन दिवस. बाबाले घेऊन जा संग.’’

गाडी लागली. चढताना त्यानं मागे वळून विचारलं, परतीचं तिकीट काढलंय का माझं. मी म्हटलं नाही. ‘‘काढ लवकर, मग महाग होते,’’ म्हणाला, आणि खिडकीशी जागा पकडून कानात इयरफोन घातले.